पाहणाऱ्याचं काम

उदगीरला बसस्टँडवरून बाहेर पडलं की आधी माणसं दिसत नाहीत, फ्लेक्स दिसतात. निकालाच्या दिवसांत क्लासेसचे फ्लेक्स असतात. नीटमध्ये इतके मार्क, जेईईत इतके पर्सेंटाइल, पासपोर्ट फोटोतली पोरंपोरी ओळीनं उभी, आणि वर 'लातूर पॅटर्न'चा दाखला. एरवी भाऊंचे वाढदिवस. मधोमध गॉगल लावलेला एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे तीस-चाळीस चेहरे.

हे तुम्हाला बघायचंय का, असं कुणी विचारत नाही. तरी आपण बघतो. त्या तीस-चाळीस चेहऱ्यांत कोण ओळखीचं आहे ते शोधतो, आणि आपला मित्र सापडला की फोटो काढून त्याला पाठवतो. तो फोटो स्टेटसला जातो. चौकातला फ्लेक्स असा खिशात येतो आणि शंभर जणांच्या खिशात जातो. हे करताना आपण काही विकत घेत नाही, त्यामुळे आपण ग्राहक आहोत असं आपल्याला वाटत नाही. आपण फक्त बघत असतो.

या 'फक्त बघण्या'बद्दल मला लिहायचं आहे. कारण गेल्या पंचवीसेक वर्षांत मुंबईतल्या काही कलावंतांनी नेमकं त्यालाच हात घातला. बाजारातल्या वस्तू घेऊन त्यांनी अशी कामं केली की समोरच्याला नुसतं बघत उभं राहणं अवघड व्हावं. ती कामं मला आवडतात. पण ती माझ्यापर्यंत कशी पोहोचली, हे लक्षात आल्यापासून मी जरा अडखळलो आहे.

एक सेकंद, निम्मे पिक्सेल

आधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांनी ॲपमध्ये काय काय पाहिलं हे मोजण्याचा कोड काही काळ माझ्याकडं होता. 'पाहिलं' म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याला तत्त्वज्ञानाचा वाटेल, पण ऑनलाइन जाहिरातींच्या जगात त्याचं उत्तर ठरलेलं आहे. जाहिरातीचे निदान निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद स्क्रीनवर राहिले की ती 'पाहण्याजोगी' झाली. व्हिडिओ असेल तर दोन सेकंद. त्या सेकंदात तुमचे डोळे कुठं होते, तुम्ही चहा ओतत होता की रडत होता, याच्याशी त्या मोजणीचा संबंध नाही.

फ्रेंच विचारवंत गी दबोर यांनी १९६७ साली 'द सोसायटी ऑफ द स्पेक्टॅकल' हे पुस्तक लिहिलं. माणसं जगण्याऐवजी जगण्याची चित्रं बघत बसली आहेत, असा ढोबळमानानं त्यांचा आरोप होता. त्यांच्या नजरेसमोरचा प्रेक्षक टीव्हीपुढं किंवा सिनेमाच्या पडद्यापुढं बसलेला होता. तो हलत नव्हता, बोलत नव्हता. म्हणून नंतरच्या अनेक कलावंतांनी त्यावर एक उपाय काढला: प्रेक्षकाला हलवा. त्याला बटण दाबू द्या, वस्तू उचलू द्या, त्यालाच कलाकृतीत घ्या.

पण आजचा प्रेक्षक बसलेला कुठं आहे? तो दिवसभर राबतोय. अंगठ्यानं वर सरकवतोय, बदाम दाबतोय, फॉरवर्ड करतोय, कुठं थांबला आणि कुठं नाही याची नोंद फुकटात पुरवतोय. माझ्यासारख्यांचा पगार या राबण्यावर निघतो. तेव्हा 'इंटरॅक्टिव्ह' या शब्दाचं मला कौतुक उरलेलं नाही. प्रेक्षकाला हलवलं की तो जागा झाला, असं म्हणता येत नाही. कलाकृतीनं आपल्याला काय करायला लावलं, आणि ते केल्यावर आपल्या अंगावर काय आलं, हे विचारायला हवं. याच मापानं मी पुढची कामं बघतो.

शटर

अतुल दोडिया घाटकोपरचे. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये 'सेंच्युरी सिटी' नावाचं मोठं प्रदर्शन झालं, त्यातल्या मुंबईच्या विभागात त्यांनी दुकानाची लोखंडी शटरं मांडली. शटरवर एक चित्र, आणि शटर वर सरकवलं की आत दुसरं.

या मालिकेतल्या 'महालक्ष्मी' या कामाच्या शटरवर लक्ष्मी आहे, किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर असते तशी. शटर वर गेलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. आपल्या हुंड्याचं ओझं आईबापावर नको म्हणून जीव दिलेल्या बहिणींच्या बातमीवरून हे चित्र आलं.

उदगीरच्या माणसाला या कामाची प्रस्तावना लागत नाही. आमच्या बाजारात सकाळी दुकानदार शटर उघडण्याआधी त्याला हात लावून नमस्कार करतो, उघडल्यावर पाणी शिंपडतो, लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती ओवाळतो, मग गिऱ्हाईक. आणि हुंड्याच्या काळजीनं शेतकऱ्याच्या मुलीनं जीव दिल्याच्या बातम्या लातूर जिल्ह्यातूनही आलेल्या आहेत. या दोन गोष्टी एकाच घरात असतात. दोडियांनी त्या एकाच चौकटीत ठेवल्या, पण एकाच वेळी दिसू दिल्या नाहीत. मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. शटर वर जातं तेव्हा लक्ष्मी गुंडाळली जाते. बहिणी दिसतात तेव्हा लक्ष्मी दिसत नाही, लक्ष्मी दिसते तेव्हा बहिणी नसतात. दोन्ही चित्रं जुळवायची तर एक डोळ्यांसमोर आणि दुसरं डोक्यात धरावं लागतं. हे जुळवणं दुसरं कुणी करून देत नाही. पाहणाऱ्याचं काम म्हणतो ते हे.

बुचांची साडी

शर्मिला सामंत यांची 'हॅंडमेड सारी' १९९९ च्या सुमाराची. कोका-कोलाच्या बाटल्यांची बुचं धातूच्या कड्यांनी एकमेकांत अडकवून केलेली साडी, वर कोयऱ्यांची नक्षी.

कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून निघून गेली होती, १९९३ मध्ये परत आली. म्हणजे ही साडी झाली तेव्हा ती लाल बाटली आपल्याकडं पुन्हा येऊन सहाच वर्षं झाली होती. माझ्या आठवणीतला कोका-कोला त्यानंतरचा, पाच रुपयांच्या छोट्या बाटलीचा. टीव्हीवर आमिर खान ती जाहिरात करायचा आणि आमच्या घरी पाहुण्याला 'गरम का थंडं?' विचारताना थंडं म्हणजे काय ते ठरून गेलं. कोल्ड्रिंकच्या दुकानापुढं पडलेली बुचं आम्ही गोळा करायचो. दगडानं ठेचून सपाट करायची, दोन भोकं पाडून दोरा ओवायचा आणि भिंगरी फिरवायची. म्हणून या साडीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कला-बिला काही सुचलं नाही. एवढी बुचं कुणी गोळा केली असतील, हेच डोक्यात आलं.

हा विचार वाटतो तितका बावळट नाही. नावातच 'हातानं केलेली' आहे. पैठणी हातमागावर महिनोन् महिने चालते तेव्हा त्या वेळेची किंमत साडीत असते. इथंही वेळ गेला आहे, बोटं दुखली असतील, पण जे विणलंय ते कंपनीचं नाव आहे, शेकडो वेळा. लांबून कोयरी दिसते, जवळ गेल्यावर ब्रँड. परंपरा आणि बाजार यांचं भांडण आहे असं आपल्याला सांगितलं जातं. ही साडी सांगते की ते कधीच एकमेकांत अडकले, तेही लोखंडी कड्यांनी, आणि अडकवणारे हात आपलेच होते. आणि ही साडी नेसली तर? वजन, कडांचे दाते, प्रत्येक पावलाला आवाज. बघायला साडी, अंगावर घेतली तर साखळी.

पण इथंच माझी अडचण सुरू होते. या कामाची सगळी मेख लांबून जवळ चालत जाण्यात आहे. मी ते सहा इंचांच्या काचेवर पाहिलं. चालत गेलो नाही, दोन बोटांनी मोठं केलं. कोयरीचं बूच झालं खरं, पण माझी पावलं हलली नाहीत. ॲपच्या नोंदीत ते एक 'झूम' म्हणून गेलं असेल.

लोकलमधली बाटली

शिल्पा गुप्ता यांच्या 'ब्लेम'मध्ये (२००२-०४) छोट्या बाटल्या आहेत, आत रक्तासारखं लाल द्रव. बाटलीवर औषधाला असतं तसं लेबल. मथितार्थ असा की तुला दोष दिला की मला बरं वाटतं, म्हणून तुझ्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी मी तुला दोष देते: तुझा धर्म, तुझं राष्ट्र. गॅलरीत या बाटल्या दुकानातल्यासारख्या फळीवर लाल प्रकाशात मांडल्या गेल्या. पण त्याच बाटल्या घेऊन गुप्ता मुंबईच्या लोकलमध्येही गेल्या, आणि डब्यात पिना-कंगवे-चिक्की विकणारे जसे माल प्रवाशाच्या हातात देतात, तशा त्यांनी त्या लोकांसमोर धरल्या.

साल लक्षात घ्या. २००२ नंतरचं आहे ते. तेव्हाच्या डब्यात ही बाटली घेणारा माणूस काय करेल? उलटून बघेल, लेबल वाचेल, शेजारच्याकडं एक नजर टाकेल. त्या एका नजरेसाठी हे काम आहे. द्वेष ही विकत मिळणारी, बरं वाटण्यासाठी घ्यायची वस्तू आहे, हे सांगायला त्यांनी भाषण दिलं नाही, एमआरपी लावायच्या लायकीची वस्तूच केली. आज व्हॉट्सॲपवर ती बाटली फुकट आणि घरपोच मिळते, ते सोडा.

त्यांच्या 'शॅडो' मालिकेत (२००६-०७) पडद्यापुढं उभं राहिलं की आपली सावली पडद्यावर उमटते, मग वरून वस्तू घसरत येऊन सावलीला चिकटतात. झटकल्या तरी जात नाहीत, ढीग वाढत जातो. कल्पना नेमकी आहे, आपण जमवलेलं आपल्याला सोडत नाही. तरी माझ्या मापानं 'शॅडो' कमी पडतं. त्याचे जे व्हिडिओ मी पाहिले त्यांत लोक हसतायत, हात हलवतायत, एकमेकांना दाखवतायत. सावलीवर बोजा येतो, माणसावर येत नाही. फोनमधल्या फिल्टरचा हा मोठा भाऊ वाटतो. 'ब्लेम'मध्ये तंत्रज्ञान जवळपास नाही, कॅमेरा नाही, सेन्सर नाही, पण बाटली हातात आली की ती कुणाला तरी द्यावी लागते किंवा खिशात ठेवावी लागते. ज्यात हलायला जागा जास्त, त्यात निसटायलाही जागा जास्त. इंजिनिअर म्हणून हे कबूल करायला मला त्रास होतो.

बहुरूपी

तुषार जोग २०१८ मध्ये गेले. शर्मिला सामंत आणि इतर कलावंतांसोबत त्यांनी 'ओपन सर्कल' हा गट चालवला होता. पुढं त्यांनी 'युनिसेल पब्लिक वर्क्स सेल' काढलं. नावावरून सरकारी खातं वाटतं, प्रत्यक्षात एका माणसाचं. त्याचा थाट सगळा अधिकृत. शहरातल्या अडचणींवर हे खातं उपाय सुचवायचं. उदाहरणार्थ, लोकलच्या गर्दीत प्रवाशाला लटकून राहता यावं म्हणून अंगावर चढवायचं साधन. वरवर पाहता उपयोगी वस्तू आणि नीट पाहिलं तर चपराक. गर्दी कमी होणार नाही, तेव्हा लटकण्याचं सामान घ्या. ग्राहक म्हणून आपल्याला मिळणाऱ्या बहुतेक सोयींचं सूत्र हेच असतं.

मला यात बहुरूपी दिसतो. माझ्या लहानपणी उदगीरच्या बाजारात पोलिसाच्या वेशात बहुरूपी यायचा. दुकानात शिरून दरडावायचा, अटक करतो म्हणायचा. दुकानदाराला खोटं आहे हे माहीत, तरी पहिल्या क्षणी तो दचकायचाच, आणि त्या दचकण्यावर सगळी गल्ली हसायची. हसताना सगळ्यांना एक गोष्ट समजलेली असायची की खऱ्या पोलिसालाही आपण असेच दचकतो. बहुरूप्याला रंगमंच लागत नाही, आणि त्याच्यासमोर कुणी नुसता प्रेक्षक राहत नाही. जोगांनी पोलिसाऐवजी खात्याचा वेश घेतला, एवढाच फरक.

तेव्हा मुंबईचं शांघाय करायची भाषा जोरात होती, आणि मुख्यमंत्री होते आमच्या लातूरचे विलासराव देशमुख. जोग २०१० मध्ये मोटरसायकलवर बसून मुंबईहून खरोखर शांघायला निघाले. वाट धरली सरदार सरोवर आणि चीनचं थ्री गॉर्जेस धरण यांच्यावरून, म्हणजे ज्या पाण्याखाली गावं गेली त्या काठानं. गाडीला नाव दिलं रोसिनांते, डॉन किहोतेच्या घोड्याचं. शांघायचं चित्र आपण सगळ्यांनी होर्डिंगवर पाहिलं होतं. हा माणूस ते चित्र बघत बसला नाही, त्या चित्राची किंमत कुठं कुठं चुकवली गेली ते बघत गेला.

आणि उदगीर?

यावर नेहमीचा आक्षेप असा की ही कामंही शेवटी गॅलऱ्यांत जातात, लाखांनी विकली जातात. मग बाजारावरची टीका बाजारातच ना? मला या आक्षेपात फार दम वाटत नाही. गाथाही विकतच घ्यावी लागते. कलावंतानं खायचं काय, हे विचारणारे बहुधा महिन्याच्या पगारावर असतात.

मला छळतो तो दुसरा प्रश्न. हे सगळं काम प्रेक्षकाला 'नुसता प्रेक्षक राहू नकोस' म्हणतं. पण त्यासाठी आधी प्रेक्षक व्हायला मिळावं लागतं. शटर टेटमध्ये वर गेलं, बाटली लोकलच्या डब्यात फिरली. उदगीरपासून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. सुधीर पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रकलेचं प्रदर्शन २००८-०९ मध्ये मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं, तसे प्रयत्न बोटावर मोजण्याइतके. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. भारत सासणे अध्यक्ष होते. पुस्तकांसाठी, व्याख्यानांसाठी उन्हातान्हात माणसं आली. म्हणजे आमच्याकडं भूक नाही, असं म्हणता येणार नाही. पण मूळ चित्रासमोर उभं राहून ते पाहणं माझ्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत एकदाही घडलं नाही. चित्र म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेचे मार्क, आणि मोठं चित्र म्हणजे फ्लेक्स.

'निष्क्रिय प्रेक्षक' ही तक्रार मला म्हणूनच थोडी शहरी वाटू लागली आहे. ज्याच्यासमोर दहा गोष्टी असतात आणि तो त्यांतली एकही नीट बघत नाही, त्याला निष्क्रिय म्हणा. ज्याच्यासमोर चौकात फक्त भाऊंचा चेहरा आणि हातात फक्त फोन आहे, त्याच्या बघण्यात खोट काढण्याआधी त्याला काय पुरवलं गेलं ते विचारा.

आणि या लेखापुरतं मलाही ते कबूल करायला हवं. यातलं एकही काम मी समोर उभं राहून पाहिलेलं नाही. सगळं फोनवर. प्रेक्षकपणाविरुद्धची कला मी प्रेक्षक म्हणूनच वापरली, रीलच्या मधोमध. मग माझं म्हणणं बाद होतं का? मला तसं वाटत नाही, पण त्याला मर्यादा आहे. 'महालक्ष्मी' फोनवरही उरते, कारण तिचं अर्धं काम डोक्यात होतं आणि ते डोकं मी उदगीरहून घेऊन आलो होतो. साडी अर्धी उरते. 'ब्लेम' जवळजवळ हरवते, कारण तिला शेजारी बसलेला अनोळखी माणूस लागतो आणि फोन पहिल्यांदा त्यालाच काढून टाकतो. जोगांचा प्रवास बातमी म्हणून उरतो. फोन सगळं सारखंच दाखवतो हे खोटं आहे. कशाला माणसाचं शरीर लागतं आणि कशाला फक्त आठवण पुरते, हे तो निवडून दाखवतो. माझ्या कोडमध्ये मात्र या चारही गोष्टींची नोंद एकसारखीच पडली असती: पाहिलं, एक.

मागच्या दिवाळीआधी गावी होतो. सोयाबीन काढून झालेलं, आणि अवेळी पाऊस. काकांनी शेतातल्या ढिगावर वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स उलटा टाकला, छापील बाजू आत, पांढरी बाजू वर, कडांना दगड. गावोगाव आता ताडपत्रीचं काम हेच करतात. गोठ्यालाही तेच, न्हाणीलाही तेच. मी खाली वाकून कोपरा उचलून बघायला लागलो, चेहरा कुणाचा आहे म्हणून. काका वैतागले.

"कोणाचा का असंना. पाणी आत यायलंय का, तेवढं बघ."